आमच्या गटारातलं धुकं

धरणगावच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती, तेव्हा सुमनबाईंचा फोन आला. रमेश गेला. माझा धाकटा चुलतभाऊ, जळगावच्या एका कॉलेजात प्राध्यापक, सुमनबाई त्याची बायको. तेव्हा आम्हा दोघांचा अबोला चालू होता आणि फोन करायची पाळी त्याची होती. पाळी टाळून असं निघून जाणं मला अजून पटलेलं नाही.

मी चौथीत शाळा सोडली. शाळेनेच मला सोडलं असं लोक सांगतात, ते खोटं आहे. रमेश मात्र शिकत गेला आणि त्याने सगळा जन्म एका विषाणूमागे घालवला. हा विषाणू माणसाच्या वाटेला जात नाही, जंतूंना धरतो. दिसायला सुताच्या धाग्यासारखा. बाकीचे विषाणू जंतूला फोडून बाहेर पडतात. हा आत मुक्काम ठोकतो, तिथेच वाढतो आणि एकेक धागा जंतूच्या अंगातून हळूच बाहेर सोडतो. जंतू मरत नाही, नुसता सुस्तावतो. “म्हणजे घरजावई,” मी म्हणालो. हे वाक्य रमेशने पुढे वर्गात वापरलं, माझं नाव न घेता. या धाग्यात दुसऱ्याच्या जनुकाचा तुकडा जोडला तर तो कुरकुर करत नाही, तेवढा लांब होतो आणि त्या तुकड्याच्या नकला काढून देतो. त्यावरून तो तुकडा वाचता येतो म्हणे.

असला विषाणू घाण पाण्यात सापडतो. एकदा रमेशचा निरोप आला, “भाऊ, तुझ्या गोठ्यामागच्या गटाराचं पाणी न्यायला येतो, बरोबर दोन साहेब आहेत.” साहेब येणार म्हटल्यावर मी गटार खराट्याने घासलं, फिनेल ओतलं, काठाला चुना मारला. रमेश आला आणि डोक्याला हात लावून खालीच बसला.

“भाऊ, तू तं बठ्ठं धुई टाकं!”

“मंग? पाव्हणा येतस अन् मी घाण दखाडू?”

तो शेजारच्या गटाराचं पाणी घेऊन गेला. माझं गटार असताना शेजाऱ्याचं! त्या दिवशी मी जेवलो नाही. पुढे गटार पुन्हा नीट घाण होऊ दिलं आणि डबा भरून स्वतः एसटीने जळगावला नेला. मांडीवर धरून. शेजारी कोणी बसलं नाही, प्रवास मोकळा झाला.

धागा माझ्याच पाण्यात सापडला. रमेशने काचेची थाळी उजेडात धरली. जंतूंची साय धरली होती. “दखाय ना, भाऊ?” मी म्हणालो, ठिकठिकाणी वाफ धरल्यासारखं दिसतं, बाकी काही नाही. तो उड्याच मारायला लागला. ते धुकंच खूण होती... जंतू मेले असते तर स्वच्छ भोकं पडली असती, इथे ते सुस्तावलेत म्हणून फिकट डाग. मी म्हणालो, धागा दाखव, धुकं माझ्या शेतातही पडतं. त्याला एकच हवं होतं, मी एकदा “हो, आहे” म्हणावं. वर्षानुवर्षं समजावत राहिला. मेहरूण तलावावर फिरताना, लग्नाच्या पंगतीत, शेवटी फोनवर. त्या फोनवरूनच अबोला.

तो गेल्यावर परवा जळगावला गेलो. सुमनबाई त्याच्याच प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनी थाळी आणली. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या गटारातलाच आहे. जंतू मरत नाहीत, म्हणून हाही चालूच आहे.” उजेडात धरली. डाग फिकट होते, पण होते. आपल्या अंगणातलं पोर ओळखावं तसे मी ओळखले.

“दिसतं का?”

“नाही.”

त्यांनी पदर खोचला. “डोकं बाजूला घ्या, उजेड येऊ द्या. आता ऐका...” आणि सुरुवातीपासून सांगायला लागल्या, त्याच्याच शब्दांत, तस्साच हात हलवत, मधे तस्संच चिडत. मी खुर्ची जवळ ओढली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे. अजून मला पटलेलं नाही.