झुल्याखालची जाळी

आडे सरांशी माझी ओळख एखाद्या मुलाखतीसारखी झाली. दारव्ह्याच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक उंच माणूस खांद्यावर बारदानाचे तुकडे टाकून माझ्यासमोर येऊन बसला. नाव नाही, गाव नाही. थेट प्रश्न, "सर, सर्कशीत नोकरी करा लागली, त कोनतं काम करसान?"

मी थट्टेने म्हटलं, "दारावर उभा राहून तिकिटं फाडीन."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "जमते तुमाले. दारावर उभं राहाचं, आत जाचं नाई." या शेऱ्याचा मला राग आला आणि तो बरेच दिवस पुरला.

हरसिंग आडे आमचे चित्रकलेचे शिक्षक. जवळच्याच एका तांड्यातले. लहानपणी आईबरोबर, म्हणजे त्यांच्या याडीबरोबर, त्यांनी एकदा सर्कस पाहिली होती आणि तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यातून उतरली नव्हती. हा प्रश्न ते शिपायाला विचारत, बस कंडक्टरला विचारत, तपासणीला आलेल्या साहेबांनाही विचारत. मिळालेली उत्तरं चित्रात जात. आमच्या मुख्याध्यापकांनी "मी मालक होईन" असं सांगितलं होतं. चित्रात ते मोठ्या मिशा लावून एका रिकाम्या खुर्चीशेजारी उभे होते. खुर्चीवर का बसवलं नाही, हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

ही चित्रं नुसत्या रंगाची नसत. प्लायवूडच्या फळीवर बारदान ताणलेलं, त्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांचा वाघ, सरकी चिकटवून केलेली वाळू, जुन्या कपड्यांची माणसं. प्रेक्षक मात्र ते कधीच काढत नसत. प्रेक्षकांच्या जागी याडीच्या जुन्या फेटियाच्या, म्हणजे बंजारा घागऱ्याच्या, गोल काचा शिवलेल्या असत. "पाहनाऱ्याचं तोंड आपोआप येते तिथं. आपुन कायले मेहनत करा?" असं त्यांचं म्हणणं.

मला या सगळ्याचा अर्थ हवा होता. वाघ काड्यांचा का? विदूषकाची पाठच का दिसते? मधल्या सुट्टीत मी त्यांचा पिच्छा पुरवी. ते चहाची बशी ओठाला लावत म्हणत, "तुमी मतलबवाले मानसं, सर. पयले पाहा त खरं."

ती कापसाची वाईट वर्षं होती. सकाळी पेपर उघडायची भीती वाटे. सरांचा धाकटा भाऊ बळीराम एका जिनिंग कारखान्यात फिटर होता. कापूस येईना तसं ते जिन बंद पडलं आणि बळीराम खाटेवर बसला तो बसलाच. कोणाशी बोलेना. हत्यारांची पेटी खाटेखाली सरकवलेली, तिला हात लावेना. याडीने फवारणीच्या औषधाची बाटली गुपचूप शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली होती. हे सरांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच सर्कशीतल्या उंटाचा विषय काढला.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात शाळेच्या हॉलमध्ये त्यांची चित्रं मांडायचं ठरलं. मधोमध सर्वांत मोठं नवं चित्र होतं. तंबू, कडेला काचा, कोपऱ्यात रिंगमास्टर आणि काड्यांचा वाघ, आणि वर एक माणूस एक झुला सोडून दुसऱ्याकडे निघालेला. दोन्ही हात रिकामे. लोकांना कळावं म्हणून मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात अर्थ लिहून शेजारी टांगला. सर फक्त म्हणाले, "लावा, तुमची हौस." मी लिहिलं होतं, रिंगमास्टर म्हणजे बाजार, काड्यांचा वाघ म्हणजे निसर्ग, झुल्यावरचा माणूस म्हणजे कापूस पिकवणारा शेतकरी. आणि शेवटचं वाक्य, ज्यावर मी खूश होतो: 'खाली जाळी नाही. त्याचे पडणे अटळ आहे.'

लोक आले, माझा कागद वाचून पुढे गेले. दुपारी सर याडीला आणि बळीरामला घेऊन आले. त्याला घराबाहेर काढायला त्यांना दोन दिवस लागले होते. याडीला वाचता येत नव्हतं. तिने बोट दाखवलं म्हणून बळीरामने माझा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटच्या वाक्यापर्यंत.

मग तो चित्राजवळ गेला. झुल्यावरच्या माणसाच्या अंगावर निळा शर्ट होता, खिशाशी ग्रीसचा डाग. त्यावर बोट ठेवून तो मला म्हणाला, "मी शेतकरी नाई, सर. मी जिनात फिटर होतो."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी प्रतीकं शोधत बसलो होतो आणि चित्रातला माणूस माझ्यासमोर उभा होता. आणि तो पडणार, असं मीच त्याला लिहून कळवलं होतं.

याडी मात्र काचांकडे, शर्टाकडे, खालच्या मोकळ्या जागेकडे पाहत होती. "हरसिंग," ती म्हणाली, "जाळी कुठी हाय? म्या पाह्यली होती ना सर्कशीत. पोरगं पडन ना रे."

मी माझा कागद काढून घडी करून खिशात घातला.

चित्र तांड्यात परत गेलं. याडीने सुतळी घेतली आणि फेटियाला कवड्या बांधतात तशा गाठी मारत जाळी विणायला बसली. चार दिवसांनी ती बारदानाला टाचली. मी पाहायला गेलो होतो, कारण मला घरी चैन पडत नव्हती. सुतळी भारी, टाके कच्चे, जाळी मधोमध लोंबत होती. बळीराम खाटेवरून बराच वेळ बघत होता.

"असं ढिलं बांधलं त काय झेलन थे?" तो शेवटी म्हणाला. मग वाकून त्याने खाटेखालची पेटी ओढली. आमच्यापैकी कोणी हललं नाही. त्याने फळीला चार भोकं पाडली, चार नटबोल्ट बसवले, सुतळी त्यांना गुंडाळून पान्याने आवळत नेली. जाळी ताठ झाली. त्याने तळहाताने ती दाबून पाहिली, मग आणखी अर्धा आटा दिला.

बाहेर आल्यावर मी सरांना विचारलं, जाळी तुम्ही मुद्दामच सोडली होती का? त्यांचे डोळे भरले होते. "तुमीच लिहा ना सर, मतलब," ते म्हणाले. "कागद हाय ना खिशात."

पुढे काही वर्षांनी सर हृदयविकाराने अचानक गेले. मला ते उत्तर मिळालं नाही, आणि मी मित्रही गमावला. दिवसकार्य उरकल्यावर मी बळीरामकडे गेलो. आता तो पंप दुरुस्त करतो. चित्र दाराशेजारी टांगलेलं होतं.

"दादा साऱ्या दुनियेले पुसे, सर्कशीत काय करसान म्हनून," तो म्हणाला. "मले पुसलंच नाई कधी. सरळ झुल्यावर चढवलं."

"आणि विचारलं असतं तर?"

"जनरेटर सांभाळला असता," तो लगेच म्हणाला.

मी चित्राच्या अगदी जवळ गेलो. कडेच्या काचांमध्ये माझा चेहरा तुकड्यातुकड्यांनी आला. सुतळी काळवंडली होती, शर्टाचा निळा रंग उडाला होता, पण चारही बोल्ट चकाकत होते. त्यांना नुकतंच तेल लावलेलं होतं. भिंतीवरच्या चित्राला कोणी तेल लावतं का, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.