फुआतिनो चटई पांघरून बसली

मातालेओ गावात फुआतिनोचा शब्द कधी खाली पडला नव्हता. गावाचा पुढारी एलिसाला, त्याची ती थोरली बहीण. सामोआत बहिणीचा मान भावाहून मोठा. भाऊ गावसभेत कितीही गरजला तरी बहीण समोर आली की त्याचा आवाज आपोआप उतरतो. फुआतिनोनं लग्न केलं नाही. बारीक विणीच्या चटया विणण्यात साऱ्या बेटावर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एखाद्या लग्नात तिची चटई उलगडली की बायका ती बोटांनी चाचपत आणि न विचारताच ओळखत.

म्हणून मुलींच्या फुटबॉलसाठी मैदान करायचं ठरलं तेव्हा एलिसालानं तिलाच पुढं केलं. तो तेव्हा फुटबॉलच्या कारभारात शिरला होता, टाय लावून परदेशी जाऊ लागला होता. शाळेमागची सपाट जागा सोसेफिना नावाच्या विधवेची. त्यावर तिचं अळू होतं आणि त्या अळूवर तिचं घर चालत होतं.

"ताई, म्हातारी माझं ऐकायची नाही. तू जा," एलिसाला म्हणाला.

फुआतिनो गेली. मैदान होईल, बाहेरून गवत येईल, तुझ्या नातीही खेळतील, माझ्या भावानं शब्द दिलाय, असं सगळं सांगितलं.

"भावाचा शब्द ठेव बाजूला," सोसेफिना म्हणाली. "तू देतेस का?"

"दिला."

अळू उपटलं गेलं. गावानं काळे धोंडे वेचून कडेला रचले. शाळेतली लागीबाई मुलींना फुटबॉल शिकवायची. तिनं बांबूचे गोलखांब उभे केले. गवत काही आलं नाही. एलिसाला मात्र मोठा होत गेला. विश्वचषक कुठल्या देशात भरवायचा यावर मत देणाऱ्यांत त्याचं नाव लागलं तेव्हा चर्चमध्ये खास प्रार्थना झाली. त्यानं चर्चला नवं छप्पर दिलं, सभागृहाला भिंतीएवढा टीव्ही दिला. त्या टीव्हीसमोर सगळं गाव पहाटे उठून सामने बघायचं, ओरडून घसे बसवायचं. गवताचं विचारलं की तो म्हणायचा, "वरून मंजुरी यायचीय."

बातमी फुटली तेव्हा फुआतिनो बाजारातून बसनं परत येत होती. ड्रायव्हरनं गाणं बंद करून रेडिओ मोठा केला. मत विकल्याबद्दल आणि मैदानांचे पैसे खाल्ल्याबद्दल जागतिक संघटनेनं काही जणांना फुटबॉलमधून काढून टाकलं होतं. त्यात एलिसालाचं नाव गावासकट वाचलं गेलं. ड्रायव्हरनं घाईघाईनं पुन्हा गाणं लावलं. बस भरली की बायकांनी एकमेकींच्या मांडीवर बसायचं, ही तिथली रोजची रीत. त्या दिवशी बायका दांड्याला लोंबकळत उभ्या राहिल्या, पण फुआतिनोच्या मांडीवर कोणी बसलं नाही. अळूची टोपली मांडीवर ओढून तिनं ती घट्ट धरली आणि गाव येईपर्यंत मान वर केली नाही.

एलिसाला घरातच होता, पंख्यानं वारा घेत.

"खरं आहे का हे?"

"ताई, सगळेच घेतात. वरचे तर पोत्यानं घेतात. मी आपला प्रवासखर्च म्हणून घेतला."

"आणि गवताचे?"

त्यानं गुडघा खाजवला. "झाले थोडे इकडचे तिकडे. चर्चचं छप्पर कुठून आलं मग? तुझा फ्रीझर कुठून आला? तेव्हा नाही विचारलंस!"

फुआतिनोनं मान वळवली. फ्रीझर तिच्या मागेच घरघरत होता, मासळीनं गच्च भरलेला. खरंच, तिनं कधी विचारलं नव्हतं. सुखानं मासे ठेवले होते.

ती म्हणाली, "उद्या उजाडताना सोसेफिनाच्या दारात जाऊन बस. चटई मी देते."

मोठा अपराध झाला की अपराध्यानं डोक्यावरून चटई घेऊन, ज्याचा अपराध केला त्याच्या घरासमोर मान घालून बसायचं. घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं.

"खून केला तर बसतात तसं!" एलिसाला उसळला. "चेंडूच्या खेळापायी बसू? गाव हसेल."

"हसू दे. हसण्यासारखंच केलंयस."

तो उठला नाही. पहाटे तीच गेली. वर्षभर विणत आणलेली चटई डोक्यावर ओढली आणि सोसेफिनाच्या अंगणात खड्यांवर मांडी घातली. चटईच्या आत उकडत होतं. शाळेला निघालेल्या पोरांचा कलकलाट जवळ आला आणि एकदम थांबला, तेव्हा तिला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

घरात नारळ खवण्याचा आवाज येत होता.

"कोण बसलंय गं?" सोसेफिनानं सुनेला विचारलं.

"फुआतिनोकाकू."

"एकटीच?"

"एकटीच."

नारळ खवणं पुन्हा सुरू झालं. सगळे नारळ खवून होईपर्यंत म्हातारी उठली नाही. मग पावलं आली, चटई उचलली गेली, आणि उन्हानं फुआतिनोचे डोळे दिपले.

"ऊठ. खाल्लं कोणी, आणि गुडघे सोलतात कोणाचे!"

"शब्द माझा होता, सोसेफिना."

"होता. म्हणून तर बाहेर आले. भावाची वकिली करायला आली असतीस तर संध्याकाळपर्यंत बसवली असती." तिनं चटईची घडी घालून परत फुआतिनोच्या हातात ठेवली. "ही मी घेणार नाही. तो येईल तेव्हा घेईन."

तो आला नाही. थोड्याच दिवसांत मुलाकडे ऑकलंडला निघून गेला. फुआतिनो निरोप द्यायला धक्क्यावर गेली नाही. गावसभेनं जमीन परत देऊ केली, तर सोसेफिना म्हणाली, "दिली ती दिली. मुलींनी कुणाचं काय खाल्लंय?"

पुढं राजधानी आपियाला, फुटबॉलचा नवा अध्यक्ष निवडायला देशातल्या सगळ्या क्लबांची सभा लागली. वर नवी माणसं आलीत, आता हिशेब उघडे होणार, अशी हवा होती. मुली तर हुरळून गेल्या होत्या. निवडणुकीत खेळाडूंनाही मत हवं आणि आलेला पैसा गावात जाहीर वाचून दाखवावा, या दोन मागण्या घेऊन लागीबाई निघाली. जाण्याआधी ती फुआतिनोकडे आली.

"काकू, तुम्हीही चला."

"मी? मला काय कळतं त्यातलं? आणि कुठल्या तोंडानं येऊ?"

"याच तोंडानं. तुम्हाला लाज वाटते ना? तिथं बसणाऱ्यांत एकालाही वाटत नाही. तेवढं सांगा फक्त."

बोटीतून ती गेली. सभेत तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली. "मी एलिसालाची बहीण," ती म्हणाली. पुढच्या रांगेतली टायवाली माणसं जमिनीकडे बघू लागली. त्यातला एक गोड आवाजात म्हणाला, "बाई, घरची भानगड घरातच ठेवावी."

"घरातच ठेवली होती," फुआतिनो म्हणाली. "फ्रीझरमध्ये. माशांखाली. आम्ही खात होतो आणि पोरी खड्यांवर पडत होत्या. तुमच्या घरांत काय आहे ते तुम्ही बघा."

ती मटकन खाली बसली. मागच्या बाकांवर मुली टाळ्या वाजवत होत्या. तिला त्या टाळ्या नकोशा झाल्या.

खेळाडूंना मिळून एक मत मंजूर झालं. हिशेबाचा ठराव पुढच्या सभेवर गेला, आणि अध्यक्ष म्हणून निवडून आला एलिसालाचाच जुना जोडीदार. परतीच्या बोटीत लागीबाई मुलींना समजावत होती, "एक मत तर एक मत. काल तेवढंही नव्हतं." मुलींना ते पटलंही, त्या गात होत्या. फुआतिनो कठड्याशी पाण्याकडे बघत उभी राहिली. त्या जोडीदाराला कितीदा आपण जेवायला वाढलं होतं, तेच तिच्या डोळ्यांपुढं येत होतं.

मैदानावर अजून गवत नाही, तरी मुली रोज खेळतात. फुआतिनो मात्र चर्चला जाताना शाळेमागची वाट टाळते आणि किनाऱ्यावरून लांबचा वळसा घेते. सोसेफिना ओसरीवरून ओरडते, "मैदान चावत नाही गं, ये इकडून!"

फुआतिनो हात हलवते आणि तशीच वाळूतून पुढं जाते.