सुलभाची पिपेट साफ होती

डीएनएचे तुकडे लहान-मोठे वेगळे करणाऱ्या जेलवर पट्टा एकच यायला हवा होता. आले दोन. बॉसनी सरळ सुलभाकडे पाहिलं.

"कंटॅमिनेशन! पिपेट स्वच्छ ठेवत जा."

सुलभा आमची टेक्निशियन. पेणची, घरी गणपतीचा कारखाना. मी तिथला संशोधक, शेजारच्या रोह्याचा, म्हणून माझ्याशी मोकळं बोलायची.

पेशीला विभागणीचा हुकूम देणारं एक प्रथिन असतं, काइनेज. उंदरातला त्याचा जीन आम्ही वाचत होतो. जीन सलग नसतो. कामाच्या तुकड्यांमध्ये बिनकामाचा मजकूर असतो. पेशी तो वगळून सलग प्रत काढते आणि ती वापरते. आमचा दुसरा पट्टा नेमका त्या सलग प्रतीएवढा होता. तशी प्रत आम्ही लॅबमध्येही बनवून ठेवली होती; तीच पिपेटमधून मिसळली, असा बॉसना संशय.

डबा खाताना सुलभा म्हणाली, "सर, माझी पिपेट साफ हाय. आमच्याकडं मोठ्या मूर्तीचे हात, सोंड वेगळे करून जोडतात. पण तयार मूर्तीवरून साचा काढला, की पुढची मूर्ती सलगच निघते. उंदरानं पण तयार प्रतीवरून नक्कल मारली असंल."

"उंदीर तुझ्या बाबांकडं शिकायला होता काय?"

"हसा. पण बघा तरी."

दुसऱ्या दिवशी बॉसनी तिला बाटल्या धुण्यावर टाकलं. मी माझ्या जेलकडे वळलो.

मग गुपचूप दुसऱ्या खोलीत, नव्या पिपेटनं, नव्या उंदराचा डीएनए तपासला. पट्टे दोनच. धाकट्यात जागोजागी अक्षरं बदललेली. लॅबमधली प्रत अशी नसते. ही नक्कल लाखो वर्षांपूर्वी जीनोममध्ये शिरली होती आणि वापराविना झिजत होती.

"तुला सुचलं कसं?" बॉस खूश.

"विचार करता करता."

पेपरवर नावं दोन, त्यांचं आणि माझं. सुलभा नोकरी सोडून पेणला परतली.

गेल्या महिन्यात तिच्या कारखान्यात गेलो. ती मूर्तीचे डोळे आखत होती. मी सगळं कबूल केलं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "पेपरचे पेढे वाटलेत ना. मला पण एक दिलात, बाटल्या धूत होते तवा."

मी रंगाची वाटी तिच्या हाताशी सरकवली.

"बॉसना सांगितलंत?"

"ते वारले."

"मग लिवा. माझी पिपेट साफ होती, एवढं लिवा. आणि सर, बसा. चहा ठेवते."

म्हणून हे लिहिलं. लॅबमध्ये संशय आला, की आधी पिपेट तपासतात. सुरुवात स्वतःच्या पिपेटपासून करावी.