टाळ्या तिकडं वाजवा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आमच्या धावडा गावच्या रफिकचाचांचं नाव घेतो. धंदा शिंप्याचा, पण पंचक्रोशीतली टेनिस बॉलची एकही स्पर्धा त्यांच्या कॉमेंट्रीशिवाय होत नसे.

मी मुंबईला निघालो तेव्हा भोकरदनच्या बसस्टँडवर तेही आले होते. अण्णांचे, म्हणजे माझे वडील भगवानभाऊ यांचे, डोळे भरून आले. लोक वळून बघायला लागले. तेवढ्यात चाचांनी मूठ तोंडापुढे धरली. "भगवानभाऊंची विकेट पडली का न्हाई, थर्ड अंपायर बघून राह्यले! तवर ड्रिंक्स ब्रेक. कंडक्टरसाहेब, गाडी रोखा जरा!" सगळा स्टँड हसला. अण्णाही हसले, आणि त्या हसण्यात त्यांना डोळे पुसून घेता आले.

चाचांची हीच रीत. लोक माणसावर हसायच्या आत ते त्यांच्या पुढ्यात दुसरं काहीतरी हसायला ठेवायचे. माझा बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात अण्णा कधी नव्हे ते मजुरीचा खाडा करून मॅच बघायला आले, आणि मी पहिल्याच चेंडूवर बोल्ड! हुर्यो उठणार, तोच भोंग्यातून आवाज आला, "बॅट फिरायला आल्ती, फिरून चालली! घरातला पहिला बारावी पास हाय पोरगा, मंग बॅटिंगला टाइम कुठून मिळल? त्याचे वडील लिंबाखाली बसलेत. टाळ्या तिकडं वाजवा, जल्दी!"

सगळं मैदान अण्णांकडे वळलं. दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्या माझ्या बापासाठी वाजलेल्या टाळ्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. मॅच संपल्यावर चाचांनी माईक माझ्या हातात दिला. "खेळणं तुझ्याच्यानं व्हणार न्हाई. बोलून बघ."

त्या बोलण्याच्या जोरावर मी पदवीनंतर मुंबई गाठली. आज काचेच्या खोलीत हेडफोन लावून मोबाईलवर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांची मराठी कॉमेंट्री करतो. एसीची थंडी, स्क्रीनवर मैदान. धूळ नाही, लिंब नाही. मध्यंतरी एका नवख्या पोराच्या हातून सोपा झेल सुटला. कानात प्रोड्यूसर म्हणाला, "धू त्याला! क्लिप चालेल." माझा करार संपत आला होता. ऐकण्यातच शहाणपण होतं. मी ऐकलं नाही.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले पुष्कळ आहेत. कोणी लोणचं आणतो, कोणी देव्हारा. मी ही रीत आणली. ती जिथे पाळता येईल तेच माझं घर. घशाच्या ऑपरेशननंतर चाचांचा आवाज गेला आहे. म्हणून झेल सुटलेल्या त्या सामन्यानंतर मी त्यांना फोन न करता पत्र पाठवलं:

"चाचा, सलाम. परवा एका पोरानं झेल सोडला. मी म्हणालो, 'चेंडू घाईत होता, पाहुणचाराला थांबला न्हाई.' साहेब नाराज आहेत. करार पुढं होईल का, माहीत नाही. नाही झाला तर दुसरा माईक शोधीन. पण पोराला धुणार नाही. अण्णा फोनवर म्हणाले, 'बराबर केलं.' उन्हाळ्यात धावड्याच्या स्पर्धेला येतो. माईक मी धरतो, तुम्ही शेजारी बसा. कोणी शून्यावर आउट झालं, की त्याचा बाप कुठं बसलाय तेवढं मला बोटानं दाखवा."