मेंढरं बसवायचं बटण

माझा भाऊ गेम बनवायचा आणि त्यात सगळ्यांना हरवायचा. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

संदीपदादा पुण्यात कोडिंग करायचा, पण जीव सगळा त्याच्या वेबसाइटवरच्या गेम्समध्ये.
बजेटवर गेम, पेट्रोलवर गेम, पुलाच्या उद्घाटनावर गेम. त्यात पूल पडायच्या आत फीत कापायची.
बाई गं, किती हसलोय आम्ही.

सगळ्यात गाजला तो टोमॅटोचा.
त्यात तुम्ही शेतकरी. रोपं लावा, तार-काठी करा, फवारणी करा, तोडा करा. माल गाडीत भरला की खाली बातमी सरकते, 'साहेब म्हणाले, महागाई आटोक्यात.' भाव धाडकन खाली.
मग दोनच बटणं. 'मातीमोल विका' नाहीतर 'रस्त्यावर फेका'.
फेकलं की लगेच दुसरी बातमी. भाव चढला.

गेम तुफान व्हायरल झाला.

आमचे वडील, अप्पा, राजुरीला टोमॅटोच करतात. बाजारात कुणीतरी त्यांना फोन दाखवून चिडवलं, पोरानं तुम्हालाच गेममध्ये घातलंय म्हणून. पोटच्या पोरानं कष्टाची टिंगल केली, एवढंच ते घरी येऊन आईला म्हणाले.
आणि दादाशी बोलणं बंद.

दादाला लई लागलं ते. जगाला चिमटे काढणारा माणूस, अप्पांपुढे पार लहान व्हायचा.

मग त्याच्या किडन्या गेल्या. नोकरी सोडून घरी आला.
अप्पा त्याला डायलिसिसला न्यायचे, औषधं आणायचे, रात्री पाय चेपून द्यायचे. पण बोलायचे नाहीत.
मी दर रविवारी घोडेगावहून यायचे आणि त्या दोघांच्या मुकाट बसण्याने मला घरात गुदमरायला व्हायचं.

एका रविवारी माझंच डोकं फिरलं. अप्पांच्या हातात फोन दिला. म्हटलं, न खेळताच रागावलाय, एकदा खेळा तरी.

अप्पांनी चष्मा लावला. रोपं लावली, तोडा केला. भाव पडला.
आणि अप्पा थांबले ते थांबलेच. बोट कुठल्याच बटणावर जाईना.
दादा खाटेवरून बघत होता.

"मेंढरं बसवायचं बटण कुठं हाय?" अप्पांनी त्याला विचारलं.

"मेंढरं? ती कशाला?" दादाने विचारलं.

"पिकलेला माल रस्त्यावर कोण फेकतं रं? धनगराला सांगावा धाडायचा. मेंढरं खात्यात, रातीला बसत्यात, वावराला खत व्हतं. शेतकऱ्याचा पोरगा ना तू?"

कित्येक महिन्यांनी अप्पा बोलले होते, तेही रागावून. दादा हसता हसता रडायला लागला.

मग काय विचारता. दादा लॅपटॉप उशीवर ठेवून बसायचा आणि अप्पा शेजारी बसून चुका काढायचे. सगळी मेंढरं पांढरी कशी? काळीबी असत्यात. कुत्रं कुठाय? बिबट्या आला म्हंजी?
दोघं वाद घालायचे आणि आई स्वयंपाकघरात डोळे पुसायची.

बटण तयार झालं. अप्पांनी ते दाबलं. स्क्रीनभर मेंढरं आली, पुढे कुत्रंसुद्धा.
अप्पांनी दादाच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, आता बराबर झालं.

दादाने नंतर नवीन गेम केला नाही. तेवढं आयुष्यच उरलं नव्हतं.

आज वर्षश्राद्ध उरकल्यावर अप्पांनी मला बाजूला बोलावलं. गेम उघडून म्हणाले, ह्याच्यात त्याचं नाव कुठं दिसंना.
खरं ते सांगितलं. बाजारात अप्पांना आणखी चिडवतील म्हणून दादाने अबोला धरला तेव्हाच स्वतःचं नाव काढून टाकलं होतं.

अप्पा बराच वेळ उपरण्याने चष्मा पुसत राहिले.

"पुरं नाव टाक," ते म्हणाले. "मधी बापाचं नाव यिऊ दे. बाजारात दावायचंय मला."

दादा, तुझी वेबसाइट आता सांभाळणाऱ्या तुझ्या मित्राला सांगून दुपारीच टाकून घेतलं. संदीप मारुती, आणि पुढे आपलं आडनाव.
अप्पा फोन घेऊन बाजारात गेलेत, अजून आले नाहीत.

तू निवांत राहा. तुला आम्हा सगळ्यांची मनापासून श्रद्धांजली.