चेन तापवायला

आबांच्या मोटारसायकलची चेन खडखडायला लागली आणि मला कळलं, की या गाडीतलं मला काही म्हणजे काही कळत नाही. आबा म्हणजे माझे वडील. ते गेले त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. आई एकटी पडली म्हणून मी बायको-मुलीला घेऊन कागलहून कोल्हापूरला परत आलो, आणि घराबरोबर गाडीही गळ्यात पडली.

चेनबद्दल विचारावं तर प्रत्येकाचं वेगळंच. शेजारी म्हणाले, डिझेलनं धू. कारखान्यातला सोबती म्हणाला, डिझेल अजिबात नको, रॉकेलच. मोबाईलवरचा एक तज्ज्ञ तर स्प्रेशिवाय चेनला हात लावणारा माणूस गुन्हेगारच, अशा थाटात बोलत होता. डोकं फिरलं. शेवटी गाडी आबांच्याच मिस्त्रीकडं नेली. त्यानं मागचं चाक हातानं फिरवलं, चेन बोटानं ओढून बघितली आणि मान हलवली.

"तुमचं आबा दर पंधरा दिवसांनी चेन धुणार. एवढी निगा कोण राखत न्हाय. तरी चेनसेट दोनदा बदलला की मी. कायतरी चुकत हुतं, पण काय ते मला कधी गावलं न्हाय."

मलाही गावेना. म्हणून आईला विचारलं, आबा नेमकं करायचे काय?

"सकाळी रॉकेल लावून जुन्या ब्रशनं घासायचं," आई म्हणाली. "फडक्यानं कोरडी करायची. मग गाडी फिरवून चेन तापवून आणायची आणि गरम चेनला तेल सोडायचं."

"फिरवून म्हणजे कुठं?"

"कागलच्या रस्त्यानं. दोन तास तरी जायचं. रस्ता मोकळा असतोय म्हणायचं."

मिस्त्रीला हे सांगितलं तर त्यानं कपाळालाच हात लावला. गरम चेनला तेल चांगलं मुरतं हे खरं, पण तापायला कॉलनीतल्या दोन चकरा पुरतात. रॉकेलनं धुतलेली कोरडी ठणठणीत चेन कागलपर्यंत पळवायची आणि परत आणायची, म्हणजे ती झिजणार नाही तर काय! डब्याचं झाकण वाकडं बसलं तरी घर डोक्यावर घेणारे आबा असलं काही करतील, हे मला पटेना.

कागलमध्ये त्यांचं कुणी नव्हतं. म्हणजे मी होतो. पण घरी न सांगता लग्न केल्यापासून तीन वर्षं ते माझ्याशी बोलले नव्हते. माझं नाव निघालं की उठून बाहेर जायचे. आईचे फोन यायचे, तेही चोरून, दोन-दोन मिनिटांचे. त्या तीन वर्षांत आबांनी एकदा तरी माझी विचारपूस केली होती का, एवढंच मला कळायला हवं होतं. पण आईला ते विचारायचं धाडस होत नव्हतं, आणि खुद्द आबा उरले नव्हते.

आमच्या कारखान्याला पहिल्यापासून सोमवारी सुट्टी. त्या सोमवारी मी आबांच्या पद्धतीनं चेन धुतली, पुसली आणि कागलला निघालो. मिस्त्रीचं ऐकायला हवं होतं, पण ऐकलं नाही. आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी, भाड्याच्या घरासमोरच एक चहाचा गाडा असतो. तिथं राहत असताना मी कधी त्या गाड्यावर थांबलो नव्हतो. आज थांबलो, तर चहावाला माझ्याकडं न बघता गाडीकडंच बघत राहिला.

"पावणं, ही गाडी तर त्या म्हाताऱ्या पावण्यांची. ते कुठं हायत?"

मी सांगितलं. त्यानं स्टोव्ह बारीक केला.

"रविवारी यायचं ते. हितंच बसायचं, त्या फाटकाकडं तोंड करून. आत एक बारकी पोरगी खेळायची. दोन च्या व्हायचं, पर नजर हलायची न्हाय. म्हटलं, वळखीचं घर असंल तर आत जावा की. तर म्हणालं, न्हाय, चेन तापवायला आलोय."

आधी मला रागच आला. रविवारी माझी पहिली पाळी असायची, सकाळी सातलाच मी घराबाहेर. म्हणजे नेमका मी नसण्याचा दिवस धरून यायचे. नात बघायची, पण माझं तोंड नको. मग वाटलं, आले तरी होते ना! परत राग. मग डोळे भरून आले. कागलहून कोल्हापूर येईपर्यंत माझं काही एक ठरलं नाही, आणि खाली चेन कोरडी करकरत होती.

आई पायरीवर तेलाची बाटली घेऊन बसली होती. मी गाडी स्टँडवर लावली आणि विचारलं, "माझ्या पाळीचं आबांना कुणी सांगितलं होतं?"

"पाळीचं कुठलं? एकदा त्यांनीच विचारलंतं, त्यो घरात कवा असतोय. मी म्हटलं, रविवारी की. सगळ्यांस्नी सुट्टी असतीया." बोलता बोलता ती थांबली. "आता तुझी सोमवारी असती. तवा रविवारीच हुती न्हवं?"

मी चाकाशी उकिडवा बसलो. चेन अजून गरम होती.

"रविवारीच होती," मी म्हणालो आणि तिच्या हातातली बाटली घेतली.