साठ फुटी रस्ता

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जयपूरभोवतीच्या नव्या वसाहतींचे नकाशे काढतात. बोलणं संथ, आणि दर वाक्याला एक ‘मतलब’. रिकाम्या शेतालाही ते घरच म्हणतात.

मला प्लॉट घ्यायचा होता, म्हणून एकदा त्यांच्याबरोबर जगतपुऱ्याच्या पुढे गेले. बाजरी काढून झालेलं सपाट रान होतं, पण हे हातात नकाशा धरून काटकोनात वळत चालले होते. मी सरळ निघाले, तसे ओरडले, “अहो ताई, मतलब, कुणाच्या स्वयंपाकघरातून कशा जाता?”

मला हसू आलं. माणूस आवडलाही. मी मुकाट्याने त्यांच्या न झालेल्या रस्त्यावर आले.

थोडं पुढे एक कच्चं घर लागलं. सारवलेल्या अंगणात एक म्हातारी चुलीवर भाकरी भाजत होती. मी बाजूने वळले. ते मात्र नकाशावरची नजर न काढता, बुटांसकट, तिच्या अंगणातून सरळ चालत गेले. म्हातारीने पाय आखडून घेतले.

“अहो, घर आहे हे!” मी म्हणाले.

ते थांबले, नकाशा पुन्हा नीट पाहिला.

“नाही ताई. मतलब, इथे साठ फुटी रस्ता आहे.”